टाकण्याआधी : वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

या वेळी पत्रांचा गठ्ठा मोठा होता, त्यातली पाच निवडली. सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. गिरगावात आमचा बाइंडिंगचा कारखाना होता. वडिलांच्या मागे तो मी सव्वीस वर्षं चालवला. कटिंग मशीनखाली दिवसभर कात्रण पडायचं. पांढऱ्या कात्रणाचं पोतं वेगळं ठेवलं तर पस्तीवाला चांगला भाव द्यायचा. त्यात मूठभर रंगीत पडलं की सगळं पोतं रंगीताच्या भावानं जायचं. "माल चांगलाय, पण मिक्स झालाय," एवढंच तो म्हणायचा. टाकाऊ वस्तूंबद्दल मला जे कळतं त्याची सुरुवात त्या पोत्यापासून झाली.

प्रश्न : मी लालबागला राहते. तीन वर्षांपासून घरून मालवणी मसाला, गोडा मसाला आणि मेतकूट विकते. महिन्याला दोनशेच्या आसपास पाकिटं जातात, निम्मी मुंबईत, निम्मी कुरिअरनं बाहेरगावी. आत्ता चकचकीत, उभ्या राहणाऱ्या झिपच्या पाकिटात माल देते. एक विक्रेता दुप्पट भावात 'बायोडिग्रेडेबल' पाकिटं घ्या म्हणून मागे लागलाय. धंदा जबाबदारीनं करायची मनापासून इच्छा आहे, पण मसाल्याचा वास उडाला तर गिऱ्हाईक परत येणार नाही. काय करू?

उत्तर : आधी एक करा. तुमचं एक रिकामं पाकीट कात्रीनं कापा आणि कापलेली कड नखानं उकलून बघा. चंदेरी आणि पारदर्शक पापुद्रे सुटायला लागतील. वरचा थर पॉलिएस्टरचा असतो, छपाईसाठी आणि मजबुतीसाठी. मधला ॲल्युमिनियमचा, वास बाहेर जाऊ नये आणि उजेड आत येऊ नये म्हणून. आतला पॉलिथिनचा, गरम पट्टीनं तोंड बंद करता यावं म्हणून. प्रत्येक थर आपलं काम चोख करतो, म्हणून तर तुमचा मसाला टिकतो. पण तिन्ही एकमेकांना इतके घट्ट चिकटवलेले असतात की पुन्हा सोडवणं कुणाला परवडत नाही. त्यामुळे वेफर्सची, शाम्पूची, मसाल्याची असली पाकिटं कचरावेचक बाई उचलतच नाही. दिवसभर वाकून गोणी भरली तरी संध्याकाळी भंगारवाला त्याचे पैसे देत नाही. काही पाकिटं सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून जातात. बाकीची कचराभूमीवर, नाहीतर नाल्यात.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. साधारण १९९६ साली मी स्वतः हेच केलंय. वह्यांची एक मोठी ऑर्डर होती. गिऱ्हाइकाला साधं कव्हर चाललं असतं, पण लॅमिनेशन केलं की वहीमागे मला थोडे जास्त सुटत होते, म्हणून मीच आग्रह धरला. वह्या देखण्या झाल्या. मग कात्रण उचलायला पस्तीवाला आला. त्यानं एक पट्टी हातात घेतली, फाडून बघितली, ती फाटेना. "ताई, ह्याचं मी काय करू?" म्हणाला आणि चार पोती तशीच ठेवून गेला. कागद गिरणीत पाण्यात भिजून त्याचा लगदा व्हावा लागतो, आणि प्लास्टिकचा पापुद्रा चढलेला कागद नीट भिजतच नाही. ती चार पोती दोन वर्षं पोटमाळ्यावर पडून होती. जिना चढताना रोज दिसायची. त्यानंतर लॅमिनेशनचं काम मागितल्याशिवाय मी कधी सुचवलं नाही.

आता त्या 'बायोडिग्रेडेबल' पाकिटांचं. विक्रेत्याला विचारा, पाकिटावर 'कम्पोस्टेबल' असं छापलंय का, आयएसओ १७०८८ या मानकाचा उल्लेख आहे का, आणि बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का. हिरव्या पानाच्या चित्राशेजारी नुसता 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द छापलेला दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. समजा सगळी कागदपत्रं निघाली, तरी खरा प्रश्न उरतोच. हे पाकीट कुजवणार कोण? या प्रकारच्या बहुतेक मालाला कुजायला मोठ्या खतप्रकल्पातली सलग उष्णता लागते, साधारण ५८ अंश सेल्सिअस. तुमच्या नाशिकच्या गिऱ्हाइकाच्या घरी ते सुक्या कचऱ्यात जाईल. दिसायला प्लास्टिकसारखंच, म्हणून चांगल्या प्लास्टिकच्या पोत्यात पडेल आणि तो माल खराब करेल. माझ्या पांढऱ्या पोत्यातलं मूठभर रंगीत ते हेच. दुप्पट भाव तुम्ही मोजणार आणि सुधारणार कुणाचंच काही नाही. मी तरी घेणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर माल दोन भागांत पाहिला असता. मुंबईतली निम्मी गिऱ्हाइकं तुमच्या हाताशी आहेत. त्यांना काचेच्या बरणीत द्या, बरणीचे तीस-चाळीस रुपये अनामत घ्या आणि पुढच्या खेपेला बरणी परत आली की ते वजा करा. तेलाच्या दुकानात आपण किटली घेऊन जायचो, दळणाला डबा न्यायचो, त्यामुळे ही पद्धत लालबाग-परळात कुणाला शिकवावी लागणार नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. परत आलेली बरणी गरम पाण्यानं धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळू द्या, किंचित ओल राहिली तरी मसाल्याला बुरशी येते. पावसाळ्यात ऊन नसेल तर बरण्या मंद आचेवरच्या तव्याशेजारी उपड्या ठेवून कोरड्या करा. आणि झाकणं अदलाबदल करू नका. मालवणीच्या झाकणाला धरलेला वास मेतकुटाला लागला की संपलंच.

बाहेरगावच्या मालासाठी एकाच जातीच्या प्लास्टिकचं, जाड आणि पारदर्शक पाकीट मागा, नुसतं पॉलिथिन किंवा नुसतं पॉलिप्रॉपिलिन. ते भंगारात विकलं जातं. चंदेरी पाकिटाइतका वास ते धरून ठेवत नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं. त्यासाठी पाकिटं लहान करा, मसाला दर पंधरा दिवसांनी ताजा कुटून घ्या आणि कुटल्याची तारीख ठळक लिहा. सहा महिने टिकणारा मसाला बाजारात कुठेही मिळतो. गेल्या आठवड्यात कुटलेला मिळत नाही, आणि तुमच्याकडे लोक त्याच्यासाठीच येतात. खोकं किराणा दुकानातलं वापरलेलं चालेल, आत वर्तमानपत्राचे बोळे चालतील, पण खाण्याच्या पदार्थाला वर्तमानपत्र थेट लागू देऊ नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांत त्याला मनाई आहे, कारण छपाईच्या शाईतली रसायनं पदार्थात उतरतात. खोक्याला प्लास्टिकऐवजी कागदी चिकटपट्टी लावा.

आणि जबाबदारीचा विषय तुम्हीच काढलाय म्हणून लिहिते. मिरच्यांचे देठ काढायला तुमच्याकडे बायका येत असतील. त्या कामानं हातांची रात्रभर आग होते, मी ते परळच्या चाळीत माझ्या मावशीच्या हातांवर पाहिलंय. किलोमागे काय देता ते एकदा तपासा. हातमोजे, नाकाला फडकं, हात चोळायला खोबरेल तेल आणि मध्ये चहाची सुट्टी, एवढं कराच. पाकीट बदलण्याआधी हे केलंत तरी चालेल.

प्रश्न : भांडुपला माझा पत्र्याच्या पार्टचा छोटा कारखाना आहे, बावीस माणसं. सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा सक्तीचा खर्च, आम्हाला लागू होतो का? नसेल तर आम्ही काय करावं? शिवाय माणसांच्या चहाला कागदी कप वापरतो, ते तरी बरे ना?

उत्तर : लागू होत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. तुम्ही त्या रांगेत नाही, आणि तुम्हाला वृक्षारोपणाचा फलक लावण्याचीही गरज नाही. तुमचं काम पत्र्याच्या भंगारातच आहे. लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ वेगवेगळ्या पिंपांत ठेवा. भंगारातून ॲल्युमिनियम पुन्हा बनवायला खनिजापासून काढण्याच्या मानानं सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, पण लोखंडाचा कीस मिसळला की त्याचा दर्जा पडतो. तेलाची फडकी आणि कटिंग ऑइल मोरीत जाऊ देऊ नका, ते पिंपात साठवून परवाना असलेल्या माणसालाच द्या.

कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, नाहीतर चहा झिरपला असता. माझ्या लॅमिनेशनच्या पोत्यांचाच हा भाऊ. बावीस स्टीलचे पेले घ्या, प्रत्येकावर नाव कोरून. भांड्यांच्या दुकानात मशीननं लगेच कोरून देतात. पेल्यावर आपलं नाव असलं की माणूस तो जपतो.

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ६४ घरं आहेत. ओल्या कचऱ्याचं खत करायला मागच्या वर्षी तीन पिंजरे बसवले. जूनपर्यंत छान चाललं. पाऊस सुरू झाला आणि असा वास सुटला की तळमजल्यावरच्या लोकांनी खिडक्या बंद केल्या. अळ्याही झाल्या. आता सर्वसाधारण सभेत पिंजरे काढायचा ठराव येतोय. मी सचिव आहे आणि मला ते वाचवायचेत.

उत्तर : काढू नका, पण तळमजल्याच्या लोकांशी वादही घालू नका. त्यांचं म्हणणं खरं आहे. चांगल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. घाण वास आला याचा अर्थ आत काहीतरी चुकलंय.

कोणता वास येतो ते आधी ठरवा. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा जात नाही, पाणी जास्त झालंय. मुतारीसारखा झोंबणारा असेल तर ओला माल जास्त आणि सुका कमी पडतोय. पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी दोन्ही एकदम होतं. कुजवणारे जीवाणू आपल्यासारखेच श्वास घेतात. भाजीच्या सालींत नत्र भरपूर असतं, सुक्या पानांत कर्ब. ढोबळ हिशेब असा की एक बादली ओला कचरा पडला की त्यावर जवळजवळ तेवढीच बादलीभर सुकी पानं किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा पडला पाहिजे. तुमच्याकडे जूनमध्ये सुकी पानं संपली असणार. माझा अंदाज आहे की झाडलोट करणाऱ्या माणसानं एप्रिलपर्यंतची सगळी पानं गाडीत भरून दिली.

मुंबईत फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ असते. रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष, देशी बदाम, पिंपळ, सगळे तेव्हा मोकळे होतात. ती पानं गोण्यांत भरून जिन्याखाली कोरड्या जागी ठेवायची, थेट गणपतीपर्यंत. आमच्या सोसायटीत २८ घरं आहेत. पहिल्या वर्षी आम्ही नऊ गोण्या ठेवल्या, त्या जुलैच्या मध्यात संपल्या. दुसऱ्या वर्षी बावीस ठेवल्या, तेव्हा पावसाळा निभावला. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. आंब्याफणसाची जाड पानं हातानं चुरून टाका, नाहीतर वर्षभर तशीच राहतात. या वर्षी पानं नाहीत, तर काथ्याचा भुसा विकत आणा आणि सुताराकडचा भुसा मिळाला तर तोही. प्लायचा मात्र नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

पिंजऱ्यावर पत्रा टाका, पण बाजू मोकळ्या ठेवा. खाली विटा लावून पाणी निघायला वाट करा. ढीग आठवड्यातून दोनदा वरखाली करा. हात घातल्यावर आत चांगलं गरम लागलं म्हणजे काम चाललंय, निरोगी ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंशांपर्यंत तापमान जातं. आमटी-कढीतलं पाणी घरीच गाळून मोरीत सोडायला सांगा. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या बाठी आणि हाडं वेगळी ठेवा, ती पिंजऱ्यात अडथळाच होतात.

अळ्यांचं लोकांना समजावून सांगा. मोठ्या, तपकिरी, सावकाश सरकणाऱ्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्यानं खातात. ही मोठी माशी आपल्या जेवणावर घरमाशीसारखी घोंघावत नाही. सुका थर नीट जाड पडला की अळ्या दिसेनाशा होतात.

सभेत तुम्हाला हेही सांगता येईल की २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. पण नियमानं पिंजरे टिकत नाहीत. ते टिकतात रोज पानं टाकणाऱ्या माणसामुळे. तो कोण आहे? झाडूवाल्या दादांनाच हे काम वरून दिलं असेल तर त्याचे वेगळे पैसे द्या आणि ठरावात तो आकडा लिहा. मी पाहिलेल्या बंद पिंजऱ्यांपैकी निम्मे तरी याच कारणानं बंद पडलेत.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे, चेंबूरला राहते. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते म्हणून घरात सगळे हसतात. काल खाली गेले तर गाडीत ओला आणि सुका एकाच ढिगात टाकत होते. मला रडू आलं. मग मी पिशव्या का धुवायच्या?

उत्तर : रडू आलं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मलाही हे पाहून संताप येतो, आणि गाडीवाल्याला समजावण्याची जबाबदारी बारावीतल्या मुलीची नाही, ती आम्हा मोठ्यांची आहे. पण तुझ्या पिशवीसाठी एक सोपा रस्ता आहे. तिला गाडीपर्यंत जाऊच देऊ नकोस.

दुधाची पिशवी एकाच जातीची असते, पॉलिथिनची. म्हणून तिला भाव आहे. मात्र न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते, तिसऱ्या दिवशी तिला हात लावणं कुणालाही नको होतं. धुताना ताजं पाणी नको, भांडी विसळलेलं शेवटचं पाणी चालेल. आणि पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नकोस, लटकता ठेव. तो एवढासा तुकडा कुणाच्या हाताला लागत नाही, सरळ गटारात जातो. वाळलेल्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत साठव. महिन्यानं भंगारवाल्याला विक किंवा, मला विचारशील तर, तुमच्या गल्लीत येणाऱ्या कचरावेचक मावशींच्या हातात दे. त्यांना विचार, "आणखी काय वेगळं ठेवू?" त्यांचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा बरोबर असेल.

आमच्या गल्लीत येणाऱ्या मावशींबरोबर मी एकदा दिवसभर फिरले. सकाळी साडेसहाला त्या सुरुवात करतात. फुटपाथच्या कडेला बसून पुठ्ठा, बाटली, दुधाची पिशवी, पत्रा, काच असे ढीग लावतात. नजर इतकी तयार की झाकण हातात न घेता सांगतात, हे बाटलीत जाणार नाही. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे. कुणीतरी दाढीचं ब्लेड भाजीच्या सालींत टाकलं होतं. त्या म्हणाल्या, "आम्ही पिशवीत हात घालतो ना, तेव्हा घरातल्या माणसाचा स्वभाव कळतो." तेव्हापासून मी ब्लेड आणि फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर 'काच' असं लिहिते. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढते, म्हणजे कुणी ते उघडून बघत नाही. पुण्याच्या कचरावेचक महिलांची ही खूण आहे, तूही काढ.

तो माल पुढे टेम्पोनं धारावीत 'तेरा कंपाउंड' नावाच्या भंगाराच्या वस्तीत गेला. तिथे खोल्या-खोल्यांत बायका जातीनुसार आणि रंगानुसार प्लास्टिक वेगळं करत बसल्या होत्या. मग त्याचा चुरा करून तो पाण्याच्या टाकीत टाकतात. पाण्याच्या बाटलीचा चुरा तळाला जातो आणि झाकणाचा तरंगतो, कारण बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड आणि झाकणाचं हलकं. इतकं साधं, आणि सगळा धंदा त्यावर चालतो. धुतलेला चुरा पत्र्यावर वाळतो, मग वितळवून त्याच्या शेवया काढतात, त्या कापल्या की झाला दाणा. त्या दाण्यापासून बादल्या, पाइप, खुर्च्या. आत उकाडा भयंकर होता, धूर डोळ्यांत जात होता, आणि कामगारांच्या तोंडावर साधं फडकंही नव्हतं. हे शहर स्वच्छ राहतं त्यात त्या फुप्फुसांचा वाटा आहे, हे तू विसरू नयेस म्हणून लिहिलं.

मुंबईतल्या कचरावेचक बायकांपैकी अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आली. जमीन नव्हती, बहुतेक दलित. शहरानं त्यांना दुसरं कामच दिलं नाही. स्त्री मुक्ती संघटनेनं १९९८ पासून 'परिसर विकास' या उपक्रमातून त्यांना संघटित केलं, ओळखपत्रं मिळवून दिली, खत आणि बायोगॅसचं काम शिकवलं. तुझ्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर यासारखा दुसरा नाही.

तू चेंबूरची आहेस, देवनार तुला सांगायला नको. १९२७ पासून तिथे कचरा पडतोय. २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. तू तेव्हा अगदी लहान असशील. आईला विचार, खिडक्या किती दिवस बंद ठेवल्या होत्या. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नाले तुंबायला ज्या गोष्टी कारण झाल्या त्यांत पातळ पिशव्याही होत्या. मी त्या रात्री परळच्या पुलावर नऊ तास उभी होते. कंबरभर पाण्यातून तिथवर येताना माझ्या पायांना ज्या पिशव्या चिकटत होत्या त्या अजून आठवतात. घरचे हसले तर हसू दे. दोरीवरच्या तुझ्या दहा पिशव्या त्या नाल्यात नाहीत.

प्रश्न : सासूबाई जाऊन सहा महिने झाले. बोरिवलीच्या घरात त्यांच्या बेचाळीस साड्या आहेत. नणंदा म्हणतात संस्थेला देऊन टाक. माझ्याच्यानं कपाट उघडवत नाही. फेकायचं तर मुळीच मनात नाही.

उत्तर : घाई करू नका. कपाट वर्षभर बंद राहिलं तरी काही बिघडत नाही, फक्त मध्ये एकदा साड्या सावलीत हवेशीर पसरा आणि घड्या बदला, नाहीतर रेशीम घडीवर फाटतं.

जेव्हा उघडाल तेव्हा आधी हातानं स्पर्श करून तीन ढीग लावा, सुती, रेशमी आणि सिंथेटिक. आठवणीनुसार ढीग लावायला बसाल तर पहिल्याच साडीवर थांबाल. सुती साड्यांचं पुढचं आयुष्य सगळ्यांत मोठं. जुनं सूत धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, बाळाची दुपटी त्याचीच करायची. दोन साड्या आणि मधला थर मिळून एका माणसाची गोधडी होते. हातानं गोधड्या शिवणाऱ्या बायका मुंबईत अजून आहेत, बोरिवलीच्या भाजीबाजारात विचारलंत तर पत्ता लागेल. मजुरी घासाघीस न करता द्या, एका गोधडीला कित्येक दिवस लागतात.

रेशमी साड्यांपैकी खऱ्या जरीच्या कुठल्या ते सराफाकडे तपासून घ्या, जुन्या साडीत चांदी निघू शकते. पण मोड घालण्याआधी नणंदांना एकेक निवडू द्या. सिंथेटिकचं मात्र पायपुसणं करू नका, ते पाणी शोषतच नाही. त्या साड्या धडधाकट असतील तर नेसणाऱ्याकडेच जाऊ द्यात. बोहारीण तुमच्या भागात येत असेल तर तिला बोलवा. ती भांड्यावर साड्या घेते, दुरुस्त करते आणि जुन्या बाजारात विकते, आणि कुणाला काय चालेल हे तिला बरोबर माहीत असतं. संस्थेला द्यायच्या असतील तर आधी फोन करून त्यांना साड्या हव्यात का ते विचारा. न विचारता दिलेल्या कपड्यांची गाठोडी कित्येक ठिकाणी भिजून सडलेली मी पाहिलीत.

फाटलेल्या, डाग पडलेल्या सुती साड्यांचे काठ मात्र उसवून ठेवा. माझ्या आईच्या एका इरकलीचा काठ मी कारखान्यातल्या हिशेबाच्या वहीला पुठ्ठ्याच्या कण्यावर चिकटवला होता, लेईनं. बत्तीस वर्षं झाली, वही संपली, कण्याला अजून चीर नाही. तुमच्याकडे सासूबाईंची एखादी पाककृतींची वही असेल तर ती मला पाठवा. काठ तुमचा, बांधून मी देते.